पावसाळ्यातली कोंबड्यांची लोळण : कोकणातल्या एका परसदाराचं प्रकरण

रत्नागिरी ते वेंगुर्ला या पट्ट्यातल्या कुठल्याही वाडीत सापडेल असं एक घर इथे नमुन्यादाखल घेतलं आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचं कौलारू घर, पश्चिमेला पडवी, मागच्या बाजूला माड-पोफळी आणि खाडी हाकेच्या अंतरावर. खुराड्यात बारा कोंबड्या आणि दोन कोंबडे. त्यांतल्या नऊ कोंबड्या गावठी, तीन वनराज या सुधारित जातीच्या. दिवसभर मोकळ्या सोडलेल्या, रात्री बंद. खाणं म्हणजे कण्या, भाताचा कोंडा, घरातलं उष्टं आणि परसातले किडे. महिना ऑगस्ट.

तक्रार तीन गोष्टींची होती. अंडी घटली. अंड्यांच्या पाटीत फुटलेली अंडी सापडू लागली. आणि रवणीला (अंडी उबवायला) बसलेली खुडूक कोंबडी रात्री अंडी टाकून खाली उतरू लागली. पहिल्या दोन गोष्टींचा दोष खाण्यावर आणि पावसावर गेला, तिसरीचा साप-मुंगसावर. कोंबड्यांच्या धुळीत लोळायच्या जागेशी या तक्रारींचा संबंध जोडायचा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. कोकणात तो सहसा येतही नाही, कारण आठ महिने कोंबडी आपली जागा आपणच शोधते आणि माणसाला त्यात काही करावं लागत नाही.

कोंबडी लोळते ती कशासाठी

दुपारच्या उन्हात कोंबडी जमीन उकरते, चोचीने माती अंगाकडे ओढते, खाली बसते आणि पंख व पाय झाडून धूळ पिसांत भरते. मग एका कुशीवर आडवी होऊन अंग जमिनीवर घासत राहते. डोळे अर्धे मिटलेले, मान लांब केलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला कोंबडी मेली की काय असं वाटतं. साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास हे चालतं आणि संधी मिळाली तर दिवसाआड होतं. शेवटी उठून ती अंग झाडते आणि धुळीचा लोट उडतो.

पंख स्वच्छ आणि जलरोधक राहावेत म्हणून शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल कोंबडी चोचीने पिसांना लावते. हे तेल जुनं झालं की चिकट होतं आणि पिसं एकमेकांना धरून बसतात. बारीक धूळ ते जादा तेल टिपून घेते. त्याचबरोबर उवा आणि माइट (गोचिडीच्या कुळातले बारीक जीव) यांच्या अंगावर जो मेणचट थर असतो तो धुळीने खरवडला जातो किंवा शोषला जातो, आणि अंगातलं पाणी उडून तो जीव सुकून मरतो. हे काम बारीक कणच करतात. जाड वाळू वरच्या पिसांवरून घसरून पडते, बारीक धूळ आतल्या लवेपर्यंत जाते. आणि धूळ ओली असेल तर यांतलं काहीच होत नाही. कोकणातल्या लोळणीचा सगळा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे.

लोळायला जागा मिळाली नाही तरी कोंबडीची ऊर्मी जात नाही. ती कोरड्या फरशीवर, नुसत्या पेंढ्यावर, अंड्यांच्या पाटीतसुद्धा त्याच हालचाली करते. या घरात अंडी फुटत होती ती याच कारणाने. घरात कोरडं आणि मऊ असं एकच ठिकाण उरलं होतं, ते म्हणजे अंड्यांची पाटी.

तपासणी

आधी दिवसा. कोंबडी काखेत धरून, शेपटी वर करून गुदद्वाराखालची पिसं दोन अंगठ्यांनी फाकवायची. उवा असतील तर पिवळसर, गव्हाळ रंगाचे, दोन-तीन मिलिमीटर लांबीचे जीव उजेड पडताच कातडीवरून झरझर पळतात. पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढुरके गठ्ठे चिकटलेले दिसतात. पंखांखाली आणि छातीच्या हाडाजवळही बघायचं. चौदांपैकी एकही पक्षी यातून सुटला नव्हता. वनराज कोंबड्यांच्या अंगावर उवा जास्त होत्या, कारण त्या जड, कमी फिरणाऱ्या आणि अंग साफ करण्यात गावठीपेक्षा आळशी. खुडूक कोंबडीची अवस्था सर्वांत वाईट. रवणीला बसलेली कोंबडी दिवसातून एखाद्या वेळीच उठते. त्या पंधरा-वीस मिनिटांत खाणं, पाणी, विष्ठा आणि लोळणं असं सगळं उरकते. लोळायला जागाच नसेल तर एकवीस दिवस उवा तिच्या अंगावर निवांत वाढतात आणि पिल्लं फुटली की त्यांच्या डोक्यावर चढतात. दोन-चार दिवसांचं पिल्लू एवढ्यानेही दगावतं.

मग रात्री. अंधार पडल्यावर तासा-दोन तासांनी बॅटरी आणि पांढरं फडकं घेऊन खुराड्यात जायचं. दांडीच्या खालच्या बाजूने आणि दांडी भिंतीत जिथे शिरते त्या खाचेत फडकं जोराने पुसायचं. फडक्यावर रक्ताचे लाल ओरखडे उठले तर ती तांबडी माइट. ही दिवसभर फटीत लपते, रात्री कोंबडीवर चढून रक्त पिते आणि पहाटेपूर्वी परत फटीत जाते. म्हणून दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी ती सापडत नाही. या खुराड्यात दांड्या बांबूच्या होत्या. बांबूची पोकळी आणि चिरलेली पेरं म्हणजे माइटला हवं तसं घर. खुडूक कोंबडी रात्री अंडी का सोडते याचं उत्तर इथे मिळालं. तिचा तुरा फिका पडला होता, तोही रक्त गेल्यामुळे.

म्हणजे या प्रकरणात दोन वेगळे रोग एकत्र आले होते. हा फरक नीट कळला नाही तर सगळी मेहनत फुकट जाते. उवा पूर्ण आयुष्य कोंबडीच्या अंगावर काढतात, तिथे लोळण उपयोगी. तांबडी माइट राहते खुराड्यात, तिथे लोळणीचा उपयोग जवळपास नाही. खुराडंच साफ करावं लागतं.

लोळणीची जागा गेली कुठे

पूर्वी या घरामागे पाणी तापवायच्या चुलीची राख टाकायचा खड्डा होता, त्यावर मांगराची (घराबाहेरच्या खोपीची) वळचण. कोंबड्या जून ते सप्टेंबर तिथेच लोळत. पुढे स्वयंपाकाची चूल गेली, गॅस आला. मांगर पाडून गाडीसाठी पत्र्याची शेड झाली आणि अंगणात पेव्हर ब्लॉक बसले. चिखल गेला हे खरं, पण छपराखालची कोरडी माती त्याबरोबर संपली. उरलेली जागा चिकूखाली आणि माडांच्या आळ्यांत. रत्नागिरीत वर्षाचा पाऊस ३००० मिलिमीटरच्या पुढे जातो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत पडतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून तिथे फक्त रेंदा असतो.

घरच्यांनी जुलैत एक उपाय केलाही होता. प्लास्टिकचा टब, त्यात पुळणीवरून (समुद्रकिनाऱ्यावरून) आणलेली वाळू, आणि टब पश्चिमेच्या पडवीत पागोळीच्या आत हातभर. कोंबड्यांनी एकदा पाय घातला आणि पाठ फिरवली. ते का, हे सविस्तर बघण्यासारखं आहे, कारण किनाऱ्यावर बहुतेकांची सुरुवात अशीच होते.

पुळणीच्या वाळूत मीठ असतं आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. पावसाळी हवेत ती वाळू छपराखालीही कधी सुकत नाही. खाडीच्या रेतीचंही तेच. कोंबडी लोळताना वाळू चोचीत घेते, तेव्हा मीठ पोटात जाण्याचाही धोका आहेच. जास्त मीठ कोंबडीला विषासारखं आहे. शंका असेल तर सोपी परीक्षा : त्या वाळूची आणि नदीच्या वरच्या अंगाच्या वाळूची एकेक मूठ दोन ताटल्यांत पसरून कडक उन्हात वाळवायची आणि रात्रभर घरात ठेवायची. सकाळी खारी वाळू हाताला दमट लागते. शिवाय किनाऱ्यावरची वाळू उचलायला कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात असावं.

दुसरी चूक जागेची. आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. पश्चिमेच्या पडवीत झड थेट आत घुसते आणि पागोळीचे शिंतोडे दोन-अडीच फूट आत उडतात. टबाला वरून छप्पर होतं, पण बाजूने काहीच नव्हतं. तिसरी गोष्ट, वाळू नुसती वाळू होती. जाड कण, बारीक धूळ नाहीच.

टब ओला झाल्यावर त्यात विष्ठा साचली, रात्री मांजर येऊन घाण करून गेलं. ओली आणि कोंबट माती, वर विष्ठा, म्हणजे रक्ती हगवणीच्या जंतूंना एक-दोन दिवसांत पिकायला पुरेशी सोय. लहान पिल्लं असलेल्या घरात असा टब असण्यापेक्षा नसलेला बरा.

काय उभं केलं

पहिला विचार चिऱ्यांचा चौक बांधायचा होता. घरामागे चिरे पडलेले असतात, खर्च शून्य. पण जांभा सच्छिद्र. खाली ओली जमीन असेल तर तो पाणी वर खेचतो आणि पेटीच्या कडेची धूळ आठवडाभरात लगदा होते. उन्हाळ्यात चिऱ्यांची लोळण उत्तम, पावसाळ्यात नाही. ट्रकचा जुना टायरही अनेक जण वापरतात. त्याच्या आतल्या पन्हळीत पाणी साचून डासांची पैदास होते, तेव्हा टायरच घ्यायचा तर आतल्या बाजूने खाली पाच-सहा भोकं पाडल्याशिवाय घेऊ नये.

इथे निवड झाली दोनशे लिटरच्या निळ्या प्लास्टिक पिंपाची. उभं चिरून त्याच्या दोन पन्हळी होतात, प्रत्येक साधारण ८८ सेंटिमीटर लांब, ५८ रुंद, २९ खोल. पिंप घेताना आधी त्यात काय होतं हे विचारणं फार गरजेचं आहे. खाद्यतेलाचं किंवा सरबताच्या पाकाचं चालेल. रसायनाचं कितीही धुतलं तरी नको. चिरलेली कड धारदार असते. पाऊण इंची पाण्याचा काळा पाइप उभा चिरून ती कडेवर बसवली की पाय कापत नाहीत. पन्हळ लोळू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक चिरा अडकवायचा, आणि बूड जमिनीला टेकू न देता खाली लाकडी फळ्या. वनराजसारखी जड कोंबडी २९ सेंटिमीटरची भिंत चढायला कुरकुरते, म्हणून बाहेरून एक चिरा पायरीसारखा लावला.

जागा पूर्वेच्या वळचणीखाली, पागोळीच्या रेषेपासून पुरते तीन फूट आत. दक्षिणेच्या बाजूला विणलेल्या झावळ्यांचा झाप उभा केला. ताडपत्री का नाही? ताडपत्री पूर्ण काळोख करते, आणि कोंबडीला लोळायची इच्छा उजेड आणि ऊब मिळाली की होते. झापातून उजेड झिरपतो, वारा खेळतो. वर कौलांमध्ये एक काचेचं कौल बसवलं, उघडीप झाली की दुपारचा उजेड थेट पन्हळीवर पडतो. तापलेला बल्ब टांगायचा मोह इथे होतो. सुकी धूळ आणि पुढे सांगितलेलं गंधक असलेल्या पेटीवर तो नको.

अजून एक बाब, जिचा विसर पडतो. लोळणारी कोंबडी बेसावध असते. मुंगूस, रानमांजर, शिक्रा या सगळ्यांना ते ठाऊक आहे. म्हणून पन्हळ स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशी ठेवली, झुडपाला किंवा लाकडांच्या रचलेल्या ढिगाला लागून नाही.

मिश्रण

एका पन्हळीत १८ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरायला सुमारे ६० लिटर माल लागतो, म्हणजे दहा लिटरची सहा घमेली. प्रमाण असं : बारीक चाळलेली कोरडी माती तीन घमेली, नदीची बारीक वाळू दोन, लाकडाची चाळलेली राख एक. दोन्ही पन्हळींना मिळून बारा घमेली.

माती जांभ्याचीच. जांभ्याच्या मातीत लोहाबरोबर केओलिनच्या (चिनीमातीच्या) जातीची चिकण असते आणि तिचे कण अतिशय बारीक. कोरडी असताना हाच तिचा गुण, दमट झाल्यावर हाच दोष, कारण मग ती गोळा धरते. वाळू मिसळायची ती याच कारणाने, गोळा मोडावा म्हणून. चिरेखाणीवर चिरा कापताना पडणारी लाल भुकटी मिळाली तर ती सर्वांत बारीक. फक्त यंत्राचं तेल सांडलेल्या जागची घेऊ नये. तिने अंडी थोडी लालसर डागाळतात, पुसून जातात. हापूसच्या कलमांखालची माती टाळावी, त्या झाडांवर हंगामात अनेक फवारण्या होतात. रस्त्याकडेची धूळही नको. वारुळाची माती बारीक खरी, पण पक्की चिकण, आणि वारूळ फोडणं आपल्याकडे कोणी करतही नाही.

राखेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण जुन्या सवयीने लोक पन्हळ नुसत्या राखेने भरतात. राख क्षारीय असते. कोरडी आणि थोडी असेपर्यंत ती उवांवर चांगली चालते. ओली झाली की तिचं पाणी कातडी जाळतं. कोंबडीचे पाय भेगाळतात, डोळे चुरचुरतात. एकूण मिश्रणाच्या सहाव्या भागापासून फार तर चौथ्या भागापर्यंत ठीक. आणि कुठली राख यानेही फरक पडतो. नारळाच्या सोडणांच्या राखेत पोटॅश फार, ती हवेतलं पाणी झपाट्याने ओढते. ऐन, किंजळ अशा लाकडांची राख त्या मानाने कोरडी राहते. या घरी पाणी तापवायला सोडणं आणि झावळ्यांचे दांडेच जळत होते, त्यामुळे ऑगस्टात राख अर्ध्या घमेल्यावर आणली आणि माती तेवढी वाढवली. राख चाळून दोन दिवस पत्र्यावर पसरून ठेवावी. आत धुगधुगता निखारा राहिला तर प्लास्टिकची पन्हळ वितळते, कोंबडी भाजते. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक जाळलेली राख कधीच नाही. कोंबड्या शिंकत असतील, घशातून खरखर येत असेल तर बरं होईपर्यंत राख बंद.

चुना, मग तो कळीचा असो वा विरलेला, लोळणीत घालू नये. सिमेंटही नाही. तंबाखूची भुकटी आणि डांबरगोळ्या विषारी आहेत. कडुलिंब आणि निर्गुडीचा वाळलेला पाला चुरून घातला तर बिघडत काही नाही, पण एवढ्या उवा त्याने हटतील अशी आशा ठेवू नये.

गंधक

अंगावर इतक्या उवा असताना नुसत्या मातीने भागणार नव्हतं. शेजारच्या काकूंचा सल्ला आलाच होता, "गॅमॅक्सीन टाक गो, एका दिवसात जातील." उवा जातातही. पण गॅमॅक्सीन म्हणजे बीएचसी हे कीटकनाशक. देशात १९९७ पासून त्यावर बंदी आहे, त्याच कुळातल्या लिंडेनचा वापर २०१३ पासून बंद झाला. हे विष चरबीत साठतं आणि अंड्याच्या बलकातून घरातल्या मुलाच्या ताटात येतं. कुठल्या जुन्या डब्यात उरलं असेल तर तेही वापरू नये.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या कीटकशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये लोळणीच्या पेट्यांत डायटोमेशियस अर्थ (सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची माती), केओलिन आणि गंधक यांची तुलना केली. पहिल्या दोन्हींनी लोळणाऱ्या कोंबड्यांवरच्या उवा आणि माइट बऱ्याच कमी झाल्या, पण पेटी काढल्यावर परिणाम टिकला नाही. गंधकाने जवळपास पूर्ण सफाया झाला, आणि त्याच कळपातल्या न लोळणाऱ्या कोंबड्यांवरचेही गेले. आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. डायटोमेशियस अर्थ मारतं ते सुकवून, आणि दमट हवेत त्याचा जोर ओसरतो. मे महिन्यात ते चालेल, श्रावणात त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

गंधक कृषी सेवा केंद्रात मिळतं, पण मागताना नीट सांगावं. आंब्याच्या मोहोरावरच्या भुरीसाठी घरोघरी असतं ते पाण्यात मिसळायचं ८० टक्क्यांचं गंधक, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. इथे हवी ती धुरळणीची कोरडी गंधक भुकटी. एका पन्हळीला १०० ग्रॅम, नाकाला फडकं बांधून, कोंबड्या बाहेर असताना, वारा पडलेला असताना काठीने खालवर मिसळायची. वर पत्र्याचं झाकण ठेवून अर्धा तास धूळ बसू द्यायची आणि मग ते काढायचं. सात दिवसांनी पुन्हा तेवढीच, असं चार आठवडे. उवा मरतात, लिखा मरत नाहीत. त्या चार ते सात दिवसांत फुटतात आणि पिल्लू उवा मोठी होऊन अंडी घालायला आणखी दोन आठवडे घेते. एकदाच टाकून थांबलं तर महिन्यात मूळपदावर.

खुडूक कोंबडी पन्हळीकडे जाईल याची वाट बघितली नाही. तिला संध्याकाळी उचलून तेच मिश्रण चिमटीने पंखांखाली, गुदद्वाराभोवती आणि मानेखाली पिसं फाकवून चोळलं. डोळे, चोच सांभाळून. रवणीतला पेंढा पूर्ण बदलला, जुना जाळला. सात दिवसांनी पुन्हा. पिल्लं फुटायच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत मात्र गंधक बंद आणि फक्त ताजा पेंढा.

खुराडं

लोळणीच्या बरोबरीने हे झालं नसतं तर तांबडी माइट तशीच राहिली असती. खुराडं रिकामं करून घाण खरवडली. उकळतं पाणी दांड्यांच्या खाचांत, दाराच्या बिजागऱ्यांत, फळ्यांच्या सांध्यांत ओतलं. पावसाळ्यात खुराडं सुकायला दिवस लागतो, तोवर कोंबड्या गाडीच्या शेडमध्ये डालग्यांखाली. बांबूच्या दांड्या काढून जाळल्या आणि दोन इंच जाडीच्या, कडा तासलेल्या सरळ लाकडी दांड्या बसवल्या. त्या भिंतीच्या भोकात खुपसल्या नाहीत, उचलून काढता येतील अशा खोबणीत ठेवल्या. दांड्यांच्या टोकांना आणि खोबणीला कुंचल्याने करंज तेल. तेलात माइट गुदमरते. भिंतींना चुन्याची सफेदी, आणि ती खडखडीत वाळेपर्यंत कोंबडी आत नाही. तांबड्या माइटची पिढी गरम हवेत सात ते दहा दिवसांत पुरी होते, म्हणून उकळतं पाणी आणि तेल आठवड्याच्या अंतराने तीन वेळा.

यात एक जागा सुटली. अंड्यांच्या पाटीखाली टेकू म्हणून बांबूचा एक तुकडा राहिला होता. दुसऱ्या फेरीनंतर दांड्यांवरचं फडकं पांढरं निघालं, पण पाटीजवळ ओरखडे उठत होते. तो तुकडा फोडला तेव्हा आत राखाडी-तांबडा थर. ही माइट उपाशीपोटी कित्येक महिने राहू शकते, त्यामुळे खुराडं नुसतं रिकामं ठेवून ती जाईल असं मानू नये.

रोजचं काम

पहिले दोन दिवस कोंबड्या पन्हळीजवळ फिरकल्या नाहीत. नवी वस्तू, निळा रंग, आतला आवाज. मिश्रणावर मूठभर कण्या टाकल्या आणि चिकूखालच्या जुन्या जागेतली सुकवलेली माती वर पसरली, तेव्हा कोंबडा आधी चढला आणि त्याच्यामागे बाकीच्या. एका पन्हळीत एका वेळी दोन, दाटीवाटीने तीन मावतात. दोन पन्हळी ठेवल्या त्या याचसाठी. एकच असली की दांडग्या कोंबड्या ती अडवतात आणि सगळ्यांत दुबळीला, जिला उवा जास्त, तिलाच जागा मिळत नाही.

पन्हळी सकाळी अकरा ते तीन उघड्या. कोंबड्या लोळतात त्या बहुतेक दुपारीच. बाकी वेळ पत्र्याचं झाकण, वर चिरा. याने मांजर आणि उंदीर दूर राहतात आणि रात्रीची दमट हवाही कमी शिरते. झाकताना वरची विष्ठा खुरपीने उचलायची. दोन दिवसांआड मुठीची परीक्षा : तळापर्यंत हात घालून मूठभर मिश्रण घट्ट आवळायचं आणि सोडायचं. भुरभुरून पडलं तर ठीक. मुठीचा आकार धरून राहिलं तर ते कामाचं नाही. मग त्यातली दोन घमेली काढून पाणी तापवायच्या चुलीच्या विझत्या धगीवर पत्रा ठेवून परतायची आणि थंड झाल्यावर परत घालायची. कोंबड्या आठवड्याला साधारण एक घमेलं माल बाहेर उधळतात, तेवढी भर घालावी लागते.

चार आठवड्यांनी पुन्हा पिसं फाकवून पाहिलं तेव्हा गावठी कोंबड्यांवर उवा सापडल्या नाहीत, दोन वनराजांवर तुरळक होत्या. त्यांना हाताने भुकटी चोळावी लागली. अंडी फुटणं त्याआधीच थांबलं होतं. अंड्यांची संख्या मात्र लगेच वाढली नाही, आणि ते अपेक्षितच होतं. भाद्रपदात पिसं झडतात, दिवस लहान होत जातात. अंडी वाढली नाहीत म्हणून लोळण मोडून टाकणारी घरं असतात, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं. उलट, चार आठवड्यांनंतरही उवा भरपूर असतील किंवा तुरे फिके पडत असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावं. तिथून औषध मिळालं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे विचारून घ्यावं.

पुढच्या पावसाची बेगमी

ऑगस्टात कोरडी माती शोधणं हे या प्रकरणातलं सर्वांत जिकिरीचं काम ठरलं. शेवटी ती घराच्या माळ्याखाली पोत्यांत पडलेली बांधकामाची उरलेली माती-वाळू निघाली म्हणून निभावलं. त्यामुळे आंबोशी, आमसुलं वाळत घालतो तेव्हाच मे महिन्यात हे काम करावं. माती आणि वाळू दोन मिलिमीटरच्या जाळीतून चाळून पत्र्यावर दोन-तीन उन्हं खाऊ द्यायची. त्या दिवसांत कोंबड्यांना त्यावर लोळू देऊ नये, आणि आमसुलांवर तर नाहीच. सुरुवातीची बारा घमेली आणि सोळा आठवड्यांची भर मिळून अठ्ठावीस घमेली होतात. प्रत्येक गोणीत तीन, म्हणजे दहा गोण्या. आतून प्लास्टिक अस्तराच्या, तोंड वळवून सुतळीने घट्ट बांधलेल्या, जमिनीला न टेकवता फळीवर. राख त्यात आधी मिसळू नये, ती डब्यात वेगळी ठेवावी आणि भरतानाच घालावी. पत्र्याचे घट्ट झाकणाचे जुने तेलाचे डबे राखेला चांगले.

दसऱ्याच्या सुमारास पाऊस उतरला की पन्हळी उपसाव्यात. जुनं मिश्रण माडांच्या आळ्यांत टाकलं तर त्यातली राख आणि विष्ठा कामी येते. कोंबड्या पुन्हा चिकूखाली लोळू लागतात, त्यांना लोळू द्यावं. दांड्या मात्र त्या वेळी एकदा खोबणीतून काढून फडक्याने पुसून बघाव्यात, कारण ऑक्टोबरच्या उकाड्यात तांबडी माइट जोरात वाढते.